चपला पाहून आत गेलो

त्या आठवड्यात माझ्याकडून प्रार्थनाच होईना. सकाळी चहाआधी गुडघे टेकायचे, डोळे मिटायचे, 'हे प्रभू' इथपर्यंत यायचं आणि पुढे फक्त एसीची घरघर ऐकू यायची. मी अबू धाबीजवळच्या मुसफ्फातल्या एका क्लिनिकमध्ये नर्स आहे. दिवसभर लोकांना 'घाबरू नका, सगळं ठीक होईल' सांगण्यात माझा हात कुणी धरणार नाही, पण स्वतःला ते सांगायची वेळ आली तेव्हा शब्दच सापडेनात. माझे यजमान समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर असतात, महिनाभर तिकडे आणि महिनाभर घरी. तो त्यांचा तिकडचा महिना होता. घरात मी आणि अकरावीतली माझी मुलगी करुणा, आणि आमच्या दोघींच्या मध्ये एक अबोला बसलेला.

झालं होतं असं. शाळेत त्यांना चिठ्ठ्या टाकून एकेक देश दिला होता. बाहेरून आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी उभारलेले देश, आणि तिथे ख्रिस्ती धर्म कसा पसरला, असा विषय. करुणाच्या वाट्याला न्यूझीलंड आलं. माझ्या लेखी न्यूझीलंड म्हणजे क्रिकेट आणि सुपरमार्केटमधली दुधाची पावडर, त्यामुळे मी म्हटलं चला, सोपा देश मिळाला. जेवणानंतर तिने टीव्हीला लॅपटॉप जोडला आणि मला एकटीलाच प्रेक्षक म्हणून बसवून तालीम केली. एका हातात बायबल आणि दुसऱ्या हातात जमिनीचे कागद घेऊन आलेली माणसं, बंदुका, गेलेली रानं, स्वतःची भाषा बोलली म्हणून शाळेत मार खाणारी पोरं, असं सगळं ती सांगत गेली. मी आपली मधेमधे 'छान, छान' म्हणत होते. मुलगी स्टेजवर असली की आईला दुसरं काय सुचतं! शेवटी तिने टीव्ही बंद केला आणि म्हणाली, "मम्मा, आय कान्ट डू द कन्फर्मेशन. आपण पण तेच आहोत ना? समबडी केम ऑन अ शिप, आणि आपण त्यांचा देव घेतला. आय वोन्ट स्टँड देअर अँड लाय."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्यात लहानपणी आईबाप मुलाचा बाप्तिस्मा करतात, आणि मूल मोठं झालं की ते स्वतःच्या तोंडाने मंडळीसमोर आपला विश्वास कबूल करतं. त्याला दृढीकरण म्हणतात. त्यानंतरच प्रभुभोजनाची भाकर मिळते. भारतातून बिशपसाहेब यायचे होते, करुणाचं नाव दिलेलं होतं, पांढरी साडी शिवणाऱ्याकडून फॉल लावून आली होती आणि मी नगरला सगळ्यांना फोन करून बसले होते. मी तिला काय काय नाही सांगितलं! पणजोबांना गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतं, मिशनवाल्यांनी विहीर खणली, पोरींना शाळेत घातलं, म्हणून आज तुझी आई नर्स आहे. ती शांतपणे म्हणाली, "दॅट्स अ वेल, मम्मा. दॅट्स नॉट गॉड." मी चिडले. माझा राग म्हणजे कुकरची शिट्टी, सगळ्या मजल्याला ऐकू जाते. पण खोलीत जाऊन दार लावल्यावर जे माझ्या मनात आलं ते रागाहून वाईट होतं. पोरगी खरं बोलत असेल तर? माझ्या आईने जन्मभर ज्याच्यापुढे हात जोडले तो कुणा साहेबाच्या सामानातून उतरलेला असेल तर? ही पोर हातची गेली तर जाईलच, पण मीही तिच्या मागोमाग जाईन, अशी मला भीती वाटू लागली.

बिशपसाहेब यायच्या आधीचा तो रविवार. जानेवारीत अबू धाबीला जे धुकं पडतं ते पाहिल्याशिवाय कळायचं नाही. शाबिया वस्तीतल्या आमच्या खिडकीतून समोरची इमारत गायब, रस्ता गायब, खालच्या कॅफेटेरियाची हिरवी पाटी तेवढी हवेत टांगल्यासारखी. फोनवर इशारे येत होते, गाड्या हळू चालवा, नको तर बाहेर पडू नका. पण उपासनेची पेटी आमच्या घरी असते आणि पेटीशिवाय भजन नाही, तेव्हा जाणं भाग होतं. करुणा म्हणाली, "मी पेटी उचलायला येते. मग मी कारमध्ये बसणार." मी म्हटलं, बस बाई. मागे पेटी, पायाशी मसालेभाताचा डबा, आणि आम्ही दोघी निघालो. दिवे लावून पुढे सरकणाऱ्या गाड्या एवढ्या मुकाट चालल्या होत्या की सगळं शहर झोपेत चालतंय असं वाटलं. मला त्या वेळी फार बरं वाटलं, हे कबूल करते. काहीच दिसत नसलं की काही ठरवावंही लागत नाही.

आमच्या तिथे एकाच मोठ्या आवारात सगळ्यांची चर्चेस आहेत. मल्याळी, तमिळ, फिलिपिनो, इंग्रजी, सगळ्यांच्या वेळा वाटून दिलेल्या. आम्ही मराठी मंडळी मूठभर, आम्हाला मागच्या बैठ्या इमारतीतली एक खोली. बाकीचे लोक खुर्च्यांवर बसतात, बुटांसकट आत जातात. आमची मंडळी मात्र गावच्यासारखी सतरंजी अंथरून खाली बसते, टाळ-पेटी घेऊन भजन म्हणते, आणि अर्थातच चपला बाहेर काढते. त्यामुळे पाटी-बिटी कुणी वाचतच नाही. मागच्या इमारतीत ज्या दाराबाहेर चपला ती आपली मंडळी, हा आमचा हिशेब. आजवर तो कधी चुकला नव्हता.

गाडीच्या थंडाव्यातून बाहेर पाऊल टाकलं आणि माझ्या चष्म्यावर वाफ धरली. एका बाजूने मी, एका बाजूने करुणा, मधे पेटी, अशा आम्ही धुक्यातून चाचपडत चाललो. मागची इमारत आली. पहिलं दार, बाहेर काही नाही. दुसरं दार, बाहेर चपलांची ओळ. आम्ही आपल्या काढल्या, दार ढकललं, आणि माना खाली घालून मागच्या बाजूला खाली बसलो. उशीर झाला की असंच करतात. मी पदराने चष्मा पुसला आणि डोळ्यांना लावला.

ती आपली मंडळी नव्हती. समोर एका खुर्चीवर पांढरं कापड, त्यावर एका हसऱ्या, धिप्पाड तरुणाचा फोटो. फोटोशेजारी जमिनीवर काळ्या कपड्यांतली एक म्हातारी बाई, केस पांढरे, हनुवटीवर निळसर गोंदण, आणि डोक्याभोवती पानांची वेटोळी. पानं मी लगेच ओळखली, कडुलिंबाची होती. बाहेरच्या रस्त्याला कडुलिंबच आहेत. आमच्या गावी मयतावरून आलं की दारात लिंबाचा पाला चावतात, आणि आम्ही ख्रिस्ती झालो तरी आमच्या घरांतून तो गेला नाही. मला क्षणभर कळेना की मी कुठे आहे, मुसफ्फात की माझ्या आईच्या अंगणात. आजूबाजूला पंधरावीस माणसं, काही गोरी, काही सावळी, काही लहान मुलं, सगळी मांडी घालून. म्हातारी त्या फोटोशी बोलत होती, चक्क बोलत होती, रागावून, हसून, एखाद्या पोराला दारात अडवून बोलावं तशी. भाषा कुठली ते मला कळलं नाही.

मी करुणाची बाही ओढली, चल निघू. तेवढ्यात म्हातारी उठली आणि सरळ आमच्याकडे आली. मी इंग्रजीत माफी मागायला लागले, तर तिने माझे दोन्ही हात धरले आणि आपलं कपाळ माझ्या कपाळाला, नाक माझ्या नाकाला टेकवलं आणि तशीच थांबली. तिचा श्वास मला लागत होता. मग करुणालाही तसंच केलं. माझी पोरगी कुणाला गालाला हात लावू देत नाही, पण ती हलली नाही. म्हातारी इंग्रजीत म्हणाली ते मी मराठीत सांगते. "आलात, बरं केलंत. तुमच्याबरोबर तुमचे गेलेले लोकही आले असतील. त्यांनाही बसवा. ते याला सोबत करतील."

शेजारच्या माणसाने हळू आवाजात समजावलं. या बाई न्यूझीलंडच्या माओरी, म्हणजे तिथल्या मूळच्या लोकांतल्या. तो तरुण त्यांच्या बहिणीचा मुलगा, इथल्या एका शाळेत शिकवायचा, खेळता खेळता मैदानावर कोसळला. मावशी त्याला घरी न्यायला आल्या होत्या. शवपेटी विमानतळावर पोचली आणि धुक्याने विमानं थांबली. मेलेल्या माणसाला एकटं, मुकं ठेवायचं नाही अशी त्यांची रीत, म्हणून आवार सांभाळणाऱ्या मल्याळी अंकलनी ही खोली उघडून दिली होती. आमच्या मंडळीला कडेच्या खोलीत हलवलं होतं, आणि तसा निरोप आमच्या ग्रुपवर येऊन पडला होता, पण धुक्यात गाडी चालवताना फोन कोण बघतंय? पाहुणा कुणीही असो, तो आपल्या पूर्वजांना बरोबर घेऊन येतो, असं ते मानतात, हेही त्यानेच सांगितलं.

न्यूझीलंड हा शब्द ऐकून करुणाने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही. मला त्या वेळी माझी आईच दिसत होती. ती कोरोनात गेली तेव्हा विमानं बंद होती, सगळ्या जगाचंच दार लागलेलं. मी तिची माती फोनच्या पडद्यावर पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेले. तिला कुणी 'बस' म्हटलं नव्हतं, मीही नाही. आणि इथे एका परक्या बाईने तिला बसायला जागा दिली. मी खरोखर जरा सरकून बसले. हसाल तर हसा.

मावशी परत फोटोजवळ गेल्या आणि बोलू लागल्या. त्यांच्यात बोलणं संपलं की कुणीतरी गायला लागतंच, गाण्याशिवाय ते बोलणं पुरं होत नाही. बोलणं झालं, मावशींनी सूर लावला, आणि त्यांचा आवाजच फुटेना. प्रवास, जागरण, रडणं, घसा पार बसला होता. त्या पुन्हा प्रयत्न करत होत्या, नुसती हवा येत होती. बाकीचे बहुतेक शाळेतले सहकारी आणि पोरं, त्यांना ते गाणं येत नसावं. सगळे एकमेकांकडे बघू लागले. मावशींचा चेहरा एखाद्या हरवलेल्या लहान मुलीसारखा झाला.

आणि माझ्या शेजारी पेटीचं आवरण निघाल्याचा आवाज आला.

मी तिला काही सुचवलं नव्हतं, हे देवाला साक्ष ठेवून सांगते. करुणाने भाता उघडला, सूर धरला आणि गायला लागली. माझ्या आईने तिला शिकवलेलं एक भजन होतं ते. कुठल्या पुस्तकातलं नाही. आमच्या गावच्या बायकांनी जात्यावर दळता दळता, ओव्यांच्या चालीवर रचलेलं, येशू दारात भुकेला उभा आहे आणि पीठ अजून पडायचं आहे, असं काहीतरी साधं. त्यात साहेब नाही, जहाज नाही. जातं आहे, पीठ आहे आणि दारातला पाहुणा आहे. करुणा ते शब्द इंग्रजी वळणाने म्हणते, 'ळ' तिला नीट येत नाही, पण चाल पक्की. दुसऱ्या कडव्याला मागून एक जाड गुणगुण सुरू झाली. शब्द न कळणारी ती माणसं खालच्या सुरात तिला साथ देत होती, मग वरच्या सुरात आणखी कुणी. खिडकीत धुकं एवढं दाट होतं की खोलीबाहेर काही आहे असं वाटतच नव्हतं. मी रडत होते. माझ्या तोंडून प्रार्थना होत नव्हती, पण माझ्या आजूबाजूला ती चाललेली होती आणि मी तिच्यात बसलेली होते.

मग जेवण. मरणाच्या प्रार्थनेनंतर काहीतरी खाल्लंच पाहिजे अशी त्यांचीही रीत, आणि त्यांच्याकडे होते बिस्किटांचे पुडे. मी मसालेभाताचा डबा उघडला. करुणा मावशींच्या पुढ्यात बसली होती, आणि तिने विचारलंच. पोरगी माझ्यावर गेली आहे, पोटात काही राहत नाही.

"त्यांनी तुमची जमीन घेतली. मग तुम्ही त्यांचा देव का घेतला?"

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मावशी मात्र शांतपणे घास चावत होत्या. बसक्या आवाजात, थांबत थांबत त्यांनी जे सांगितलं ते साधारण असं. गोरे लोक थोडे होते तेव्हाच येशूची ही सुवार्ता आमच्या गावी आली, आणि ती आणली आमच्याच माणसाने. लढाईत धरून नेलेला, गुलाम झालेला, सुटून घरी आला तेव्हा ती त्याने पाठ करून आणली. त्याने आमच्या भाषेत सांगितली, आम्ही आमच्या भाषेत ऐकली. जहाजं भरून लोक आले ते नंतर. जमीन गेली, बंदुका आल्या, आणि ज्यांनी आम्हाला डोळे मिटून प्रार्थना करायला शिकवलं त्यांतले काही त्या बंदुकांच्या बाजूला जाऊन उभे राहिले. माझे आजोबा त्यानंतर चर्चची पायरी चढले नाहीत. माझ्या आजीने पायरी सोडली नाही. एकाच ताटात जेवायचे आणि यावरून भांडायचे, मरेपर्यंत.

"मग बरोबर कोण होतं?" करुणाने विचारलं.

"मी दोघांची नात आहे," मावशी म्हणाल्या. "आजोबांचा राग माझ्यात आहे आणि आजीचं गाणंही. मी दोन्ही घेऊन देवासमोर बसते. त्याने अजून मला उठ म्हटलेलं नाही."

मग मी, न राहवून, दृढीकरणाचं सांगितलं. येत्या रविवारी आहे आणि ही नाही म्हणते आहे, तुम्हीच हिला सांगा. वाटलं, आता ही म्हातारी माझी बाजू घेणार. मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "खोटं वाटत असेल तर तिने उभं राहू नये. देवाला माणसांचा एवढा तुटवडा नाही." आणि हसल्या. मला ते झोंबलं. पण थोड्या वेळाने त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि अगदी हळू म्हणाल्या, "तू तिला फार घट्ट धरलं आहेस. मीही याला धरलं होतं, एवढ्या लांब नको जाऊस म्हणून. आता घेऊन चालले आहे."

कुणाच्या तरी फोनवर निरोप आला, विमान सुटणार. बाहेर पाहिलं तर धुकं विरळ होत होतं, कडुलिंबाची झाडं एकेक करून उभी राहत होती. सगळी घाई झाली. मावशींनी डोक्यावरचा पाला काढून दाराशी ठेवला, पुन्हा एकदा कपाळाला कपाळ लावलं आणि निघून गेल्या. मी त्यांचं नाव विचारलंच नाही. आम्ही पेटी उचलून कडेच्या खोलीत गेलो तेव्हा आमची मंडळी पेटीविना, नुसत्या टाळांवर भजन आटपून डब्यांची वाट बघत बसली होती. "कुठे होता ताई?" म्हणून सगळे विचारत होते. मला धड सांगता येईना, आणि मसालेभातही फारसा उरला नव्हता.

लोक याला योगायोग म्हणतील. धुकं दरवर्षी पडतं, विमानं थांबतात, चपला कुणीही काढतं. मी वाद घालणार नाही. मला एवढंच माहीत आहे की माझ्या सगळ्या युक्तिवादांनी मी जे घडवू पाहत होते त्याची मला त्या खोलीत गरजच उरली नाही. त्या रात्री गुडघे टेकले तेव्हा मी म्हटलं, "प्रभू, ही तुझी आहे. माझी मी समजत होते." एवढीच प्रार्थना झाली, पण झाली. दुसऱ्या दिवशी मी पाळकसाहेबांना फोन केला आणि करुणाचं नाव तूर्त राहू द्या म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "ताई, बिशपसाहेबांना काय सांगू? नगरला सगळ्यांना कळवलंय ना तुम्ही?" मी म्हटलं, सांगा, पोरगी खरं बोलणारी आहे. करुणा सोफ्यावर अभ्यास करत होती. तिने मान वर केली, आणि संध्याकाळी स्वतःहून माझ्याजवळ येऊन बसली आणि आजी कशी होती ते विचारत राहिली.

बिशपसाहेबांच्या रविवारी बाकीची मुलं पांढऱ्या कपड्यांत ओळीने पुढे गेली. करुणा माझ्या शेजारी बसून राहिली. बायकांच्या नजरा मला कळत होत्या, आणि खरं सांगते, टोचतही होत्या. मी काही संत नाही. प्रभुभोजनाची वेळ झाली तशी मी उठले. चार पावलं गेले आणि मागे पावलं वाजली. करुणा माझ्यामागे येत होती. ती माझ्याशेजारी गुडघे टेकून बसली, हात छातीशी धरून, म्हणजे भाकर नको, ज्यांचं दृढीकरण झालेलं नाही त्यांना देतात तो आशीर्वाद तेवढा द्या. बिशपसाहेबांनी माझ्या हातावर भाकर ठेवली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला.

पुढे काय होईल मला माहीत नाही. ती पुढच्या वर्षी उभी राहील, कधीच राहणार नाही, किंवा तिच्या प्रश्नांना माझ्या हयातीत उत्तरं मिळणार नाहीत. ते माझ्याकडे नाही, आणि माझ्याकडे नाही हे कळल्यावर मला जी झोप लागते तिच्यासाठी मी रोज आभार मानते. त्या अनोळखी मावशींसाठी मानते, ज्या आपलं दुःख बाजूला ठेवून माझ्या आईला बसायला जागा देऊन गेल्या. आणि त्या सकाळसाठी मानते, जेव्हा बिशपसाहेबांचा आशीर्वाद संपला, आणि 'आमेन' माझ्या आधी तिने म्हटलं.